वाघीच्या फऱ्यावरची गाठ

काशीरामच्या वाघी कुत्रीच्या फऱ्यावर, मागच्या मांडीवर, गाठ आली, तेव्हा गव्हाण गावात प्रत्येकाला त्या गाठीचं मूळ ठाऊक होतं; हात मात्र एकानेही लावला नव्हता. सर्वांत मोठा जाणकार शेजारचा जगन.

"वंगाळ रोग हाय, दादा. आज गाठ, उद्या पिसाळंल. डाग दे, नायतर मी गोळी घालतो."

डुकरं मारायचा बंदुकीचा परवाना गावात त्याच्याकडेच. औषधही एकच.

काशीरामने विळा चुलीत तापवला. जगनने वाघीचं तोंड काथ्याने बांधलं आणि मानेवर गुडघा असा दाबला की तिचे डोळे बाहेर आले. परोपकाराला माणूस एवढा जोर लावत नाही.

सरपण घेऊन आलेला मंगळ्या कातकरी मोळी टाकून म्हणाला, "आधी हात लावून तरी बघा, शेट."

"तूच बघ. वाईट निघाली तर जगन हायच."

मंगळ्याने फऱ्यावर बोटं फिरवली. "गरम नाय, म्हंजे पू नाय. मांसाला चिकटली नाय, कातड्याखाली पळते. आन् दगडावानी कडक."

कोयत्याच्या टोकाने त्याने कातडं चिरलं. वाघी गुरगुरली, रक्ताची चिळकांडी उडाली आणि त्याच्या तळव्यावर आरपार भोकाचा शिशाचा मणी पडला.

मासे धरायच्या जाळ्याला ओवतात तो मणी. बंदुकीत विकतचे छर्रे न भरता जगन हेच भरायचा. डुकराच्या वाट्यात गावाच्या दाताखाली तेच यायचे.

"माझ्या कोंबड्या खाल्ल्या तिनं!" जगन ओरडला. कुणी विचारायच्या आतच.

काशीरामच्या पहिल्या बुक्कीत त्याचा ओठ फाटला. मंगळ्या वाघीचं अंग चाचपतच होता.

"ही दुसरी गाठ," तो म्हणाला.

काशीरामने जगनला आडवा पाडून त्याच्या उजव्या पंजावर टाच दिली. हाड मोडल्याचा आवाज ओटीपर्यंत आला. काशीरामची बायको गोदू धावत आली.

"मंगळ्या, मेल्या, मोजू नको! माणूस मरंल!"

मंगळ्याची बोटं वाघीच्या पोटाखाली थांबली. तिथंही एक होती. त्याने जगनचं रक्ताळलेलं तोंड पाहिलं, मग कुत्रीच्या बरगड्यांची धाप.

"आत ठेवली तर ही मरंल, बाय."

त्याने कोयता पुसला.

"तिसरी," तो म्हणाला.