आईच्या खळग्यात

रॉसने खडू लावलेली दोरी खडकावर ताणली, बोटाने जरा उचलून सोडली, आणि राखाडी दगडावर निळी सरळ रेघ उमटली. दुसरी रेघ मारायला तो वळला तोवर व्हर्ना येऊन पहिल्या रेघेवर बसली होती. आपला लोकरी कोट घडी करून तिने आधी खाली घातला होता आणि गुडघ्यांवर हात दाबत हळूच टेकली होती. आता ती पिशवीतून थर्मास काढत होती.

“मावशी, तिथेच करवत चालायचीय,” रॉस म्हणाला.

“चालव की. चहा तेवढा संपू दे माझा.”

रॉसने क्लॅरीकडे पाहिलं. क्लॅरी तिचा धाकटा भाऊ; दगड कापायला या लोकांना त्यानेच बोलावलं होतं. पण तो ओहोळाच्या पलीकडच्या काठाकडे बघत राहिला. तिथे पांढऱ्या काकाकुव्यांनी निलगिरीवर नुसता गोंधळ मांडला होता.

“जा रे, तुम्हीही काहीतरी खाऊन घ्या,” तो शेवटी म्हणाला. रॉस आणि त्याचा जोडीदार करवत तशीच ताडपत्रीवर ठेवून ट्रककडे गेले.

कुलँबा धरणाची भिंत उंच करायला मंत्र्यांनी मंजुरी दिली, ती उन्हाळा सरता सरता. रेडिओवर बातमी यायच्या आधी वारसा खात्यातल्या जोआनने व्हर्नाला मुद्दाम फोन केला होता. जोआन मनाने चांगली. सुनावणीच्या वेळी व्हर्नासाठी ती नेहमी दाराजवळची खुर्ची धरून ठेवायची.

“मंजूर झालंय, आन्टी. अटींसह.”

“अटी कोणाला?”

“त्यांना.”

“मग आम्हाला काय?”

जोआनने मग सगळं सांगितलं. ओहोळाकाठचा तो दळणाचा खडक, ज्याच्या खळग्यांत व्हर्नाच्या घरच्या बायका पिढ्यान्पिढ्या गवताचं बी दळत आल्या, पाण्याखाली जाणार होता. पण खळगे असलेला भाग कापून घरचे लोक सांगतील तिथे नेऊन बसवायचा, अशी अट तिनेच भांडून घातली होती. गावची नगरपालिका लायब्ररीसमोरची हिरवळ द्यायला तयार होती. पितळी पाटीसुद्धा लावणार होती.

व्हर्नाने एकही सुनावणी चुकवली नव्हती. दरवेळी चांगली टोपी घालून गेली, दरवेळी तेच बोलली, खडक बुडवू नका. एकदा तिच्यानंतर गावातली एक तरुण बाई उठली आणि म्हणाली, मी माझ्या बाळाला तपकिरी पाण्यात आंघोळ घातलीय, मला धरण हवंय. व्हर्नाला तिचा राग आला नाही. बाई खोटं बोलत नव्हती. त्या कोरड्या उन्हाळ्यात व्हर्नाच्या नळालाही तेच पाणी यायचं. नदीच्या खालच्या अंगाला कापसाची शेतं मात्र हिरवीगार होती, पण त्याबद्दल त्या दिवशी कोणी बोललं नाही.

मंजुरी आल्यावर क्लॅरी म्हणाला, दगड तरी वाचवू. व्हर्ना म्हणाली, नको, आहे तिथे राहू दे. त्यावरून फोनवर वाजलं. तिने रागाने फोन ठेवला, आणि तेव्हापासून आज पहिल्यांदाच दोघं समोरासमोर आली होती.

“बस,” ती म्हणाली. “उभा राहून पाय दुखतील.”

क्लॅरी तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. तिने झाकणात चहा ओतून पुढे केला. त्याने घेतला.

“इतका हट्ट का, ताई? बुडवण्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेला बरा ना?”

“मॅनेजरच्या बंगल्यातला दगड तुला माहीत नाही.”

“मला कसा माहीत असणार?”

ते खरंच होतं. आदिवासींच्या वस्तीवरची सगळी माणसं तेव्हा गोऱ्या सरकारी मॅनेजरच्या हुकमात राहायची. कुठे जायचं, कधी परतायचं, घरात कोण राहील, सगळं तो ठरवायचा. आई त्याच्या घरचे कपडे धुवायला जायची आणि व्हर्ना चिमटे धरायला तिच्याबरोबर. बंगल्याच्या बागेत, गुलाबांच्या मधे, दळणाचा एक सुटा दगड होता. मॅनेजरच्या बायकोने तो या ओहोळावरून उचलून आणवला होता आणि त्यात पक्ष्यांसाठी पाणी भरून ठेवायची. आई ओल्या कपड्यांची टोपली घेऊन रोज त्याच्या शेजारून जायची. कधी हात लावला नाही.

“मी एकदा विचारलं तिला,” व्हर्ना सांगत होती. “म्हटलं, आई, ओहोळावर जाऊ देत नाहीत तेव्हा इथेच दळत का नाहीस? तर म्हणाली, अगं, तो इथे पाहुणा आहे. पाहुण्याला कुणी कामाला लावतं का?” व्हर्ना हसली. “मग म्हणाली, बिचाऱ्याला परत जायचं असेल. कोण पोचवणार?”

क्लॅरी हसला नाही. झाकणातला चहा त्याने गवतावर ओतून टाकला.

“तू आईचं बोलणं सांगतेस. मला तिचा आवाजसुद्धा आठवत नाही.”



क्लॅरी नीट बोलायलाही लागला नव्हता तेव्हा मुलं उचलून न्यायला सरकारची गाडी वस्तीवर आली होती. त्याचा रंग जरा उजळ होता, तेवढं कारण पुरलं. आईने त्याला गोधडीत गुंडाळून चुलीमागे लपवलं, पण तो शिंकला. समुद्राकाठच्या मुलांच्या आश्रमात वाढला आणि मिसरूड फुटल्यावर विचारत विचारत परतला. तोपर्यंत आई वस्तीमागच्या दफनभूमीत होती. व्हर्नाने दार उघडलं तर दारात आईचंच कपाळ घेतलेला पोरगा उभा. 

“तुझ्याकडे सगळं आहे, ताई. डोळे मिटले की आहे. दर रविवारी चर्च सुटलं की तुम्ही इथे यायचा, आई दळायची, राखेत भाकरी भाजायची. दुकानात मैदा मिळत होता तरी म्हणायची, मैदा मिळतो म्हणून काय हातांनी विसरून जायचं? बघ, मला पाठ आहे. तुझ्याकडून ऐकून पाठ आहे. पण माझ्याकडे हात लावायला एवढा एकच दगड आहे, आणि तोही तू पाण्यात सोडायला निघालीस.”

एवढं तो आयुष्यात कधी सलग बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.

व्हर्नाने थर्मासचं बूच घट्ट केलं. बराच वेळ ती ते पिळतच राहिली. मग उठली, कोट उचलून झटकला, आणि ट्रकच्या दिशेने हाक मारली.

“रॉस! ये बाबा. काप.”

क्लॅरी चमकून उभा राहिला. “ताई, मी भांडायला नव्हतो बोललो.”

“माहितेय मला. मीच आंधळी. इतकी वर्षं तुला गोष्टी सांगत राहिले आणि वाटलं, झाली वाटणी.” तिने पिशवीतून पत्र्याचा एक डबा काढला. “पण कापायच्या आधी एकदा गुडघे टेक. रस्त्याकडेचं गवत झोडून बी आणलंय. मी एकटीच दळणार होते.”

“माझे गुडघे आता...”

“माझे काय नवे बसवलेत? टेक.”

खडकावर खळगे पुष्कळ होते. काही हातभर लांब, काही ताटासारखे पसरट. झिजून झिजून इतके गुळगुळीत झालेले की ऊन त्यात पाण्यासारखं साचायचं. किती बायकांनी तिथे गुडघे टेकले असतील याला मोजमाप नव्हतं. व्हर्नाने त्याला कडेच्या एका लहान खळग्याशी नेलं.

“हा आईचा. त्याआधी तिच्या आजीचा.”

तिने मूठभर बी त्यात ओतलं, वर पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि तळव्याएवढा गोटा त्याच्या हातात दिला. क्लॅरी घासू लागला. गोटा सरळ जाईना. दर फेरीला तो खळग्याच्या कडेवर आपटायचा आणि बी बाहेर उडायचं.

“हे वाकडं आहे,” तो वैतागून म्हणाला.

“वाकडं नाही रे. आई डावरी होती. तिची आजीपण. म्हणून तो तसा झिजलाय. मलाही नाही जमत त्यात, मी आपली पलीकडे दळायचे.”

क्लॅरीचा हात थांबला.

“काय म्हणालीस?”

“डावरी होती. का?”

 उजव्या हातातल्या गोट्याकडे तो पाहत राहिला.

व्हर्नाचा आवाज खाली आला. “तू डावरा आहेस?”

“होतो,” क्लॅरी म्हणाला. “आश्रमात सोडवलं. वर्गात हात पाठीमागे बांधून ठेवायचे.”

व्हर्नाला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत, इतक्या जेवणांत, त्याला उजव्या हाताने खाताना तिने पाहिलं होतं आणि काही विचारायचं तिच्या मनात आलं नव्हतं. तिने त्याच्या खांद्याला लावायला हात पुढे केला, मग आवरला. डब्यातलं उरलेलं बी ओतलं फक्त.

क्लॅरीने गोटा डाव्या हातात घेतला.

पहिल्या एकदोन फेऱ्या चाचपडत गेल्या. मग खळग्याने गोट्याला जशी वाटच दिली. गोटा खाली गेला, कडेने वळला, आपसूक वर आला. घासण्याचा आवाज बदलला, जाड होता तो मऊ झाला. क्लॅरीची पाठ त्याच्याबरोबर पुढेमागे डोलायला लागली. रॉस करवत घेऊन आला होता, तो चार पावलं अलीकडेच थांबला आणि त्याने करवत जमिनीवर ठेवली.

पीठ ओलसर, करड्या रंगाचं निघालं. भाजलेल्या दाण्यांसारखा वास सुटला. क्लॅरी घामेजला होता. दम घ्यायला त्याने मान वर केली. समोर ओहोळाचं वळण होतं, त्याच्या पलीकडे तांबडा कडा, कड्याच्या पोटाशी पाण्याला वाकलेली जुनी निलगिरी.

“इथे बसलं की हे समोर येतं,” तो म्हणाला.

“हो.”

“तिलाही हेच दिसायचं?”

“मान वर केली की हेच. वळणावर आम्ही पोरं डुंबत असायचो, आमच्यावर नजर ठेवायला बरं. तूही होतास की. तुला त्या मुळांमधे बसवून ठेवायची, वाहून जाऊ नये म्हणून. तू चिखल खायचास.”

“चिखल?”

“आवडीने.”

तो कितीतरी वेळ त्या मुळांकडे पाहत होता. मग म्हणाला, “लायब्ररीसमोर बसलं तर काय दिसेल गं?”

व्हर्नाने विचार केला. “पेट्रोल पंप.”

आधी रॉसला हसू फुटलं, मग क्लॅरीला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते मनगटाने पुसले, तेव्हा गालाला पीठ लागलं.

“रॉस, सामान भर,” तो म्हणाला.

“काका, मला वरून सांगितलंय. काम थांबवायचं तर निरोप वारसा खात्याकडून यायला हवा.”

क्लॅरीने जोआनला फोन लावला. फोन त्याने स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे तिचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं.

“क्लॅरीकाका, नीट विचार करा. पाणी एकदा चढलं की मला काहीही करता येणार नाही. मग कुणालाच नाही. नक्की ना?”

क्लॅरीने बहिणीकडे पाहिलं. व्हर्ना खडकाकडे बघत होती. हेच तर तिला हवं होतं. आणि आता ते हातात आलं होतं. तिला वाटलं, ओरडावं, काप म्हणावं, एक तुकडा, आईचा तेवढा एक. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि होकाराची मान डोलावली.

“नक्की,” क्लॅरी म्हणाला.

रॉसने ट्रकमधून पाण्याचा कॅन आणला आणि फडक्याने ती निळी रेघ पुसायला बसला. काही महिन्यांनी ती बुडणारच होती. तरी शेवटचा निळा डाग निघेपर्यंत तो घासत राहिला. त्यानंतर व्हर्नाने त्या पिठाची राखेत भाकरी भाजली, आणि त्याने तिचा एक तुकडा खाल्ला, करपलेली बाजू न टाकता.

पुढच्या वसंतात पाणी चढलं, तेही अगदी सावकाश, कुणाच्या लक्षात न येता. आधी वळण गेलं, मग मुळं, मग खडक. क्लॅरीने पत्र्याची एक जुनी होडी घेतली, मासे धरायला म्हणून.

एका रविवारी त्याने व्हर्नाला आणि आपल्या दोन नातवंडांना तीत बसवून नेलं. तांबड्या कड्याचा वरचा भाग तेवढा पाण्याबाहेर होता. व्हर्नाने हाताने दाखवलं, अजून थोडं, अजून थोडं, बस. त्याने मोटर बंद केली. एकदम शांतता झाली. पाणी होडीला हळूच थापटत होतं.

“कुठेय दगड, आजोबा?” मोठी टालिया वाकून बघत म्हणाली. “काहीच दिसत नाही.”

“आपल्याला नाही दिसत,” क्लॅरी म्हणाला.

त्याने काठावरून मूठभर वाळू आणली होती. पाण्याजवळ आलं की वाळू टाकून आपण कोण ते गेलेल्या जुन्या माणसांना सांगायचं, ही त्यांच्याकडची रीत. पण आजवर हे नेहमी व्हर्नाच करायची. क्लॅरीला चारचौघांत मोठ्याने बोलायला लाज वाटायची. आज तो उभा राहिला. होडी डुलली, नातवंडांनी कडा धरल्या.

“आई, आम्ही आलोय,” त्याने पाण्याला सांगितलं. “ही टालिया. दात पडलेत, पण बोलायला पक्की आहे. हा जॅरड. ही ताई, हिला तू ओळखतेस.”

त्याने वाळू सोडली आणि खाली बसायला लागला.

“आणि?” व्हर्ना म्हणाली.

“आणि काय? झाले सगळे.”

“अजून एक राहिला की.”

क्लॅरी अर्धवट वाकलेलाच थांबला. वाळू अजून खाली जात होती, तपकिरी धुरासारखी. त्याने घसा खाकरला, मग पुन्हा खाकरला.

“आणि मी,” तो म्हणाला. “तुझा धाकटा.”

मोटर चालू करायचं त्याने कितीतरी वेळ नावच काढलं नाही, आणि होडीतल्या कुणीही त्याला ते सुचवलं नाही.