माझ्या डोक्यावरची झडप

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. मित्रांनो, पेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कपड्यांची ट्रंक आली असेल. मी तशी नाही. मी माणसाहून उंच, राखाडी रंगाची, विजेची पेटी आहे. एके काळी अकरा हजार व्होल्टची वीज माझ्या पोटातून जात असे. साहेब लोक मला पॅनेल म्हणत, कामगार पेटीच म्हणत. आज मी धुळ्याच्या एका आयटीआयच्या आवारात उभी आहे. बघणाऱ्याला वाटते, म्हातारी आता निवांत झाली. पण मला एक क्षणही निवांत वाटत नाही. का, ते सांगते.

माझा जन्म १९८४ सालचा. जाड पत्रा कापून, वाकवून माझे अंग घडवले गेले. पोटात तांब्याच्या पट्ट्या बसवल्या आणि त्यांना चिनी मातीचे आधार दिले, म्हणजे वीज माझ्या अंगाला शिवू नये. पुढे भक्कम दार, त्याला दणकट बिजागऱ्या. सगळे कसे मजबूत. फक्त डोक्यावर एक पातळ पत्र्याची झडप होती, चार मऊ प्लॅस्टिकच्या खिळ्यांवर टेकवलेली. मला तिची लाज वाटे. एवढ्या धिप्पाड अंगावर ही पापडासारखी टोपी कशाला, असे मी मनात म्हणे.

आम्ही पाच बहिणी ट्रकमध्ये बसून सोनगीरच्या अलीकडे, महामार्गालगतच्या एका सूतगिरणीत आलो. मी चौथी, म्हणून माझे नाव चार नंबर. आम्हाला उभे करणाऱ्या फिटरने जाताना गिरणीच्या वायरमनला बाजूला घेतले. वायरमनचे नाव अभिमन, पण सगळी गिरणी त्यांना नाना म्हणे. फिटर त्यांना म्हणाला, "वरच्या झडपेला हात लावू नका. ती पेटीसाठी नाही, पेटीसमोर उभ्या माणसासाठी आहे."

नानांनी कारण विचारले. फिटरने समजावले ते मीही ऐकले. बंद पेटीत कधी ठिणगीचा लोळ उठला, तर आतली हवा पापणी लवायच्या आत तापते आणि फुगते. तव्यावरची भाकरी वाफेने फुगते तशी, पण हजार पट जोराने. भाकरीची वाफ जशी कुठून तरी फाडून बाहेर पडतेच, तशी ही हवाही पडणारच. झडप मोकळी असेल तर ती वर जाईल. नसेल तर दार उखडून समोरच्या माणसावर येईल.

पहिल्या दिवशी आम्हाला हळदकुंकू लागले, नारळ फुटला. सूत कातणाऱ्या चात्या फिरू लागल्या, सूत निघू लागले. दर खंडेनवमीला आमच्या दारांवर झेंडूची माळ चढे. मंदाबाई रोज आमची खोली झाडत. तोताराम नावाचा ऑपरेटर आमची हँडले फिरवी, तेही आधी हात जोडून मग. मला फार अभिमान वाटे.

पण सूतगिरणीची हवा साधी नसते. रुईचे तंतू दिवसभर उडत. ते खोलीत येत, आमच्या फटींतून पोटात शिरत आणि चिनी मातीच्या आधारांवर बसत. त्यात १९९० च्या पावसाळ्यात खोलीचे छप्पर गळू लागले. पाणी थेट आमच्या झडपांवर टपकू लागले.

इंजिनिअर भंगाळे साहेब जळगावकडचे. माणूस मेहनती आणि काळजीवाहू. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, ही पातळ झडप काढा, जाड पत्रा टाका आणि सोळा बोल्टांनी घट्ट आवळा. पाणी नाही, रुई नाही. नानांनी फिटरचे बोलणे सांगितले. साहेबांनी विचारले, सहा वर्षांत ती झडप एकदा तरी उघडली का? नाना म्हणाले, नाही. "मग?" साहेब एवढेच म्हणाले.

नानांनी शिडी लावली. एकेका पेटीवर सोळा बोल्ट आवळले. माझ्या डोक्यावरचा शेवटचा बोल्ट आवळताना त्यांचा पाना जरा थांबला. मग तोही त्यांनी आवळला. मित्रांनो, खरे सांगू? मला तेव्हा आनंद झाला. पापडाची टोपी गेली, पोलादी फेटा आला, असे वाटले.

पाऊस थांबला, पण आत शिरलेली ओल गेली नाही. उलट आता तिला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. ओली रुई आधारांवर चिकटून बसली. नोव्हेंबरातल्या एका सकाळी तोतारामने तीन नंबरचे हँडल फिरवले. माझ्या शेजारणीच्या पोटात निळा लोळ उठला. मला फक्त एक धक्का जाणवला. वर सोळा बोल्ट होते, त्यामुळे हवेने दार निवडले. बिजागऱ्या तुटल्या आणि दार तोतारामला घेऊन भिंतीवर आदळले.

तोताराम वाचला. पण दोन्ही हात भाजले आणि उजवा डोळा गेला. चौकशीच्या कागदावर लिहिले गेले: ऑपरेटरने चुकीचे हँडल फिरवले. तो कागद भंगाळे साहेबांनी आमच्याच खोलीत, स्टुलावर बसून लिहिला. नाना शेजारी उभे होते. 

त्यानंतर माझी झोप उडाली. माझ्याही आधारांवर तीच ओली रुई होती. एका आधाराला बारीक तडा गेला होता आणि त्यातून वीज हळूहळू सरपटत होती. माझ्या पोटात चरचर सुरू झाली. मला ओरडून सांगावेसे वाटे की माझ्यासमोर उभे राहू नका. पण आम्हाला कुठले तोंड? मंदाबाई झाडू घेऊन जवळ आल्या की मी आतल्या आत थरथरे. त्या केव्हा पुढे सरकतात याची वाट बघे.

ती चरचर पहिल्यांदा ऐकली ती त्यांनीच. त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "नाना, ही चार नंबरनी पेटी आतमाथून चरचर करी ऱ्हायनी." नानांनी दाराला कान लावला. साहेबांकडे जाऊन गिरणी दोन तास बंद ठेवायची परवानगी मागितली. सूत वेळेवर पाठवायचे होते. परवानगी मिळाली नाही.

जानेवारीत एके दुपारी तोताराम आमच्या खोलीत आला. बायकोच्या, सुनंदाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून आला. तीन नंबरच्या रिकाम्या जागेसमोर बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "नाना, मी कोनतं हँडल फिरावं व्हतं? माले काहीच आठवत नही. लोके म्हंतस, मन्हीच चूक शे."

नानांच्या हातात टेस्टर होता. तो त्यांनी खिशात ठेवला, पुन्हा बाहेर काढला.

"तुनी चूक नही, तोताराम," ते म्हणाले. "तू बरोबर हँडल फिरावं. वरनी झडपले बोल्ट मी आवळात. माले ठाऊक व्हतं, तरी आवळात."

हँडल आपण बरोबरच फिरवले होते आणि बोल्ट नानांनी आवळले होते, हे तोतारामला तेव्हा कळले. सुनंदाबाईंनी विचारले, "हाई तुम्ही साहेबले सांगं का?"

"नही, आजून सांगं नही."

"मंग आते सांगा," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याला घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी कोणाला न विचारता मुख्य वीज तोडली. सगळी गिरणी गप्प झाली. चात्या थांबल्या, कामगार दारात गोळा झाले. भंगाळे साहेब धावत आले तेव्हा नाना शिडीवर होते. साहेबांनी विचारले, नोकरी गेली तर काय करशील?

नाना खाली न उतरता म्हणाले, "साहेब, गिरणी मी बंद केली. झडपा मोकळ्या केल्याशिवाय चालू करणार नाही. काल तोतारामला खरं सांगितलं, आज तुम्हाला सांगतोय."

साहेबांनी तीन नंबरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. मग त्यांनी चप्पल काढली, दुसरी शिडी मागवली आणि माझ्या डोक्यावरचे उरलेले बोल्ट स्वतः सोडवले. नानांनी जुन्या पातळ झडपा फेकल्या नव्हत्या, स्टोअरमध्ये जपून ठेवल्या होत्या. त्या परत बसवल्या. माझे पोट पुसले. तडा गेलेला आधार मात्र लगेच मिळणारा नव्हता. तो मागवला आणि, सूत अडून राहिले होते म्हणून, तोवर गिरणी चालू केली. त्याच संध्याकाळी साहेबांनी नवा कागद लिहिला. त्यात तोतारामचा दोष नव्हता. बोल्टांचा हुकूम कोणी दिला, ते होते.

आधार यायच्या आधीच, नवव्या दिवशी, माझी वेळ आली. दुपारची दोनची पाळी नुकतीच लागली होती. मंदाबाई वाकून माझ्या पायाशी झाडत होत्या. तडा उलला. माझ्या पोटात लोळ उठला. हवा फुगली, दारावर आदळली, दार कळवळले, बिजागऱ्या कण्हल्या. आणि त्याच क्षणी डोक्यावरची ती पातळ, मला लाज आणणारी झडप उडाली. आग, धूर, सगळे वर गेले. छताचे पत्रे काळे झाले.

मंदाबाई खाली बसल्या होत्या, कानांवर हात ठेवून. नाना धावत आले. मंदाबाईंना नखाएवढीही जखम नव्हती. त्या उठल्या आणि माझ्या गरम दाराला पदराने शिवून म्हणाल्या, "माय, तू सांभाळं माले."

माझे काम तिथेच संपले. जळालेली पेटी कोण ठेवणार? नानांनीच मला या आयटीआयला द्यायला लावले. मुले येतात, माझे उघडे डोके बघतात, पुढे जातात.

मित्रांनो, माझी अस्वस्थता आता तुम्हाला कळली असेल. आत्ता या घटकेला कुठल्या तरी खोलीत पाणी गळत असेल, आणि कोणी तरी भला माणूस, चांगल्या हेतूने, एखाद्या झडपेवर बोल्ट आवळत असेल. मला तिथे जाता येत नाही. तुम्हाला येईल. पुढे तुमच्यापैकी कोणी वायरमन होईल, कोणी साहेब. माझ्या एखाद्या बहिणीच्या दारासमोर उभे राहाल, तेव्हा आधी मान वर करून पाहा. वाट बंद दिसली, तर हँडलला हात लावू नका. आणि ती तुम्हीच बंद केली असेल, तर तसे सांगा. दार उखडायच्या आधी सांगा.