नुपूरकडचं काम

नवरात्रातली पाचवी माळ रविवारी आली, आणि रविवार म्हणजे जपानमधल्या सेंदाई शहरातल्या मराठी मुलांचा रानातला दिवस. सुमेधानं पहाटेच अंघोळ केली, नंदादीपात तेल घातलं, घटावर माळ सोडली आणि दरवर्षीचा नेम मनाशी पुन्हा म्हटला. नऊ दिवस एक वेळ फराळ, आणि कुणाला उणा शब्द बोलायचा नाही. मग लेकीच्या, अबोलीच्या पाठपिशवीला अस्वलासाठीची घंटी अडकवून दोघी बसला निघाल्या. रानात माणसाची चाहूल आधीच लागली की अस्वल आपणहून बाजूला होतं, म्हणून इथे प्रत्येक मुलाच्या पाठीवर अशी घंटी वाजत असते.

शेवटच्या थांब्यापलीकडे ओकचं रान होतं. हायासाका-सेन्सेई नावाचे निवृत्त शिक्षक तिथे मुलांना ओढ्याकाठी गणित शिकवत आणि सालीवर हात फिरवून झाडं ओळखायला लावत. मुलांच्या आयांनी त्यात आपली भर घातली होती. झाडाचं नाव मराठीतही सांगायचं आणि आपापसात मराठीच बोलायचं. एरवी जपानीत चिवचिवणारी ही मुलं तेवढ्यापुरती आजीच्या भाषेत यायची.

सेन्सेईंची शिस्त इथल्या शाळेचीच. प्रत्येक मुलाकडे एक ‘काकारी’, म्हणजे ठरलेलं काम. पाणी, सरपण, भांडी, कचरा. दर महिन्याला ते बदलायचं. वाटणी मात्र आयांकडे होती, आणि आयांकडे म्हणजे लीलावती काकूंकडे. काकू या शहरात तीस वर्षं राहिलेल्या. नवं मराठी कुटुंब आलं की त्याचं पहिलं जेवण त्यांच्याकडे. सुमेधाच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच वळले होते, रात्री-अपरात्री अबोलीला मांडीवर घेऊन त्याच बसल्या होत्या.

उन्हाळ्यात मंजुषा दुसऱ्या शहरातून इथे राहायला आली. नवरा विद्यापीठात संशोधक, मुलगी नुपूर आठ वर्षांची. आडनावावरून काकूंना उमगेना, म्हणून त्या एकदा सहज चहाला गेल्या. दिवाणखान्यातल्या फडताळावर बुद्धाची मूर्ती होती आणि शेजारी निळ्या कोटातली तसबीर. देशोदेशीच्या पाहुण्यांना जपानची देवळं दाखवताना बुद्धापुढे भक्तिभावानं हात जोडणाऱ्या काकू त्या घरातून चहा न पिता उठल्या. उपास आहे, म्हणाल्या.

त्या महिन्यापासून नुपूरचं काम बदललं नाही. कचरा. “इतकं नीट दुसऱ्या कुणाला जमत नाही हो,” असं काकू कौतुकानं सांगत. जातीचं नाव कुणी काढलं नाही. सुमेधाला सारं कळत होतं. पण कुणाचं मन दुखवू नये असा तिचा स्वभाव, असं सगळेच म्हणायचे. ते मन कुणाचं, हे तिला कधी कुणी विचारलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही स्वतःला.

नुपूरला आपल्या कामाचा अभिमान होता. जळणारा कचरा एका पिशवीत, प्लास्टिक दुसऱ्या, डबे तिसऱ्या. बरोबरच्या ओजसनं केळ्याची साल भलतीकडे टाकली की ती त्याला दम द्यायची.

आज इमोनी होती. शरद ऋतूत रानात चूल मांडून अळकुड्यांची रस्सेदार आमटी करायची, ही इकडची जुनी रीत. प्रत्येक मुलानं घरून काहीतरी आणायचं. कुणी गाजरं आणली, कुणी कांदापात. नुपूरनं सोललेल्या अळकुड्यांचा डबा आणला. हाताला तेल लावून आईबरोबर सोलल्या, हे ती बसमध्ये अबोलीला दोनदा सांगून चुकली होती.

काकूंनी तो डबा कडीला दोन बोटं लावून उचलला आणि झाडाच्या मुळाशी ठेवला. “खाजऱ्या दिसतायत गं. राहू देत. आहेत तेवढ्या पुरे.”

“आईनं एक उकडून खाल्ली, काकू. नाही खाजत.”

“तू पिशव्या लावल्यास का बाळा?”

नुपूर पिशव्या लावायला गेली. सुमेधा गाजरं चिरत होती, ती चिरत राहिली.

आमटी उकळली, सोयाबीनचा आंबवलेला मिसो त्यात विरघळला, मुलं वाट्या घेऊन गोल बसली. सेन्सेईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, आपली वाटी आपण भरायची नाही, शेजाऱ्याची भरायची. वाढायचा डाव हातोहात फिरू लागला. काकू मध्ये येऊन तो घेऊ पाहत होत्या, तोवर सेन्सेईंनी नुपूरच्या हाती दिलासुद्धा. इतक्या रविवारांत तिच्या हातात पहिल्यांदाच डाव आला होता. तिनं दोन्ही हातांनी तो धरला, तळातली मोठी अळकुडी शोधली आणि अबोलीच्या वाटीत अलगद सोडली.

काकूंनी अबोलीच्या हातातली वाटी काढून घेतली. मग पदर खोचून, फडक्यानं कान धरून त्यांनी अख्खं पातेलं जमिनीवर उपडं केलं.

“माशी पडली,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि सेन्सेईंपुढे वाकून सफाईदार जपानीत क्षमा मागू लागल्या.

तेव्हा अबोली बोलली. शाळेतला एखादा नियम समजावून सांगावा तसं, जपानीत. “माशी नव्हती, सेन्सेई. नुपूरनं हात लावला ना. ती कचऱ्याची आहे. जेवणाला ती हात लावत नाही.”

सेन्सेईंना अर्थ लागेना. त्यांनी नुपूरला विचारलं, “हात धुतले नव्हतेस का?”

नुपूरनं दोन्ही तळवे पुढे केले. “धुतले होते.”

मग कुणी न सांगता तिनं चिमटा आणि पिशवी आणली आणि वाफाळत्या अळकुड्या पाचोळ्यातून वेचायला बसली. सुमेधा तिच्याशेजारी गुडघ्यांवर टेकली.

“सुमेधाकाकू, तुम्ही नका. हे माझ्याकडचं काम आहे. कण राहिला तर अस्वल येतं.”

“सुमेधा, ऊठ,” लीलावती काकू मागून हळूच म्हणाल्या. “तुझं नवरात्र आहे.”

आणि सुमेधा उठली.

उठून उभी होती म्हणूनच तिला पुढचं दिसलं. नुपूर झाडाच्या मुळाशी गेली, आपला डबा उघडला, आईनं सोललेल्या अळकुड्या एकेक करून त्याच पिशवीत टाकल्या, डबा ओढ्यात विसळला आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

थांब्यावर मंजुषा न्यायला आली होती. तिनं डबा उघडून पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. “संपल्या सगळ्या?”

“छान झाली होती,” नुपूर म्हणाली. “मी दोन वाट्या खाल्ल्या.”

लीलावती काकू कौतुकानं मान डोलवत होत्या. बस वळणावर दिसू लागली होती. सुमेधा गप्प राहिली असती तर सगळ्यांचाच रविवार सुखरूप पार पडला असता.

“मंजुषा, तिनं काही खाल्लं नाही,” ती म्हणाली. “तुझ्या अळकुड्या पातेल्यात पडल्याच नाहीत. तिनं डाव धरला म्हणून काकूंनी पातेलं उपडं केलं.”

“सुमेधा, तोंड सांभाळ. नेम आहे ना तुझा?”

“होता, काकू. आता मोडला. तुम्ही त्या घरात जात बघून आलात आणि आठ वर्षांच्या पोरीला कचऱ्याला लावलंत. देवीपुढे बसताना मला हे दिसत होतं.”

 काकू एवढंच पुटपुटल्या की लाडू वळले त्या हातांची ही किंमत, आणि बसमध्ये चढून पुढच्या बाकावर जाऊन बसल्या.

मंजुषानं डब्याचं झाकण लावलं. आवाज चढवला नाही. “त्यांचं मला त्या दिवशीच कळलं होतं, चहा सोडून गेल्या तेव्हा. तुमचं माहीत नव्हतं. तुम्ही असता तिथे, म्हणून मी हिला पाठवत होते.”

सुमेधा क्षमा मागायला पुढे झाली. तेवढ्यात इतका वेळ न रडलेली नुपूर रडू लागली. आईच्या कुशीत तोंड खुपसून ती सुमेधालाच म्हणत होती, “का सांगितलंत? का सांगितलंत तुम्ही?”

मायलेकी ती बस सोडून पायी निघाल्या. नुपूरच्या पाठीवरची घंटी उतारावर बराच वेळ ऐकू येत राहिली.

घरी नंदादीप जळत होता. सुमेधा त्याच्यापुढे बसली, पण हात जोडवेनात. उद्या सेन्सेईंकडे जाऊन सगळं सांगायचं, हे तिनं ठरवलं होतं. पुढचे सगळे रविवार कचरा आपण उचलायचा, हेही. पण ज्या माणसानं जात पाहिलेलीच नाही, त्याला ती जपानीत कशी समजवावी, याची वाक्यं सुमेधा जुळवत होती आणि ती जुळत नव्हती.

अबोली शेजारी येऊन टेकली. “आई, नुपूर आता येणार नाही?”

“नाही येणार.”

अबोलीनं थोडा विचार केला. “मग कचऱ्याचं कोण होणार?”

तिच्या आवाजात दुष्टावा नव्हता. जागा रिकामी झाली होती आणि ती कुणीतरी भरायला हवी, एवढंच तिला कळत होतं. जे वाक्य सुमेधाला जुळत नव्हतं, ते या पोरीनं रानात एका दमात सांगून टाकलं होतं. तिला ते कुणी शिकवलं, हे शोधायला सुमेधाला घराबाहेर जायची गरज नव्हती.