उजवी सीट

रत्नदीपच्या विमानाचा सांगाडा मी वेल्ड केला. शहापूरला माझं ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे, आणि मुरबाडजवळच्या त्याच्या बंद पोल्ट्रीच्या शेडमध्ये मी तीन वर्षांचे रविवार घातले. विमान दोघांचं, शेजारी शेजारी दोन सीटा. डावी त्याची. उजवी कोणाची हे बोलायची कधी गरजच पडली नाही, माझीच.

मग हर्षित आला, कॉलेजात विमानाचं डिझाइन शिकलेला. लॅपटॉप उघडून त्यानं पंखाची रचना बदलली आणि रत्नदीप त्याला सर म्हणायला लागला. चहाचा पहिला कप सरांना. उजव्या सीटवर बसून सर मापं घ्यायचे तेव्हा माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला सांगू, जळत होतो मी.

पंखाची परीक्षा भाताच्या गोणींनी घ्यायची ठरली. पंख उलटा बांधायचा आणि त्यावर पन्नास किलोच्या वीस गोणी रचायच्या. एवढं पेललं तर हवेतही टिकेल. भात माझ्या घरचा, गोणी मीच भरल्या. प्रत्येकीत दहा किलो जास्त कोंबलं. सरांचं तोंड एकदा उतरलेलं बघायचं होतं मला. किशोरनं भरल्यात म्हटल्यावर कोणी वजन केलं नाही.

अठराव्या गोणीला पंखाचा मुख्य दांडा वाकला. आपलंच गणित चुकलं, असं हर्षितनं तिथल्या तिथं कबूल केलं. आठवड्यानं तो नवं डिझाइन घेऊन आला. दांडा जाड, वजन जास्त, इंजिन मात्र तेच. म्हणजे विमान आता एकट्याचंच करावं लागणार होतं. मी गप्प बसलो. सीट माझी नाही, तर त्याचीही नाही.

ती कापायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. रत्नदीप दारात उभा होता, त्याला बघवत नव्हतं. सरांना फार वाईट वाटलं असेल ना, असं मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं.

"त्याला कशाला? तो म्हसाच्या जत्रेत पाळन्यात पन बसत नाय, चक्कर येते त्याला," रत्नदीप म्हणाला. "तुझी व्हती रे ती. तुझं वजन धरूनच त्यानं सगळं गणित मांडलं व्हतं."

तेव्हा जरी बोललो असतो तरी सीट वाचली असती. मी ग्राइंडर चालू केला.