फीबीचं पालकत्व

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या डोंगरात बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला होता. वकील असाहेल प्रुइट चुलीपाशी पाय शेकत बसले होते. विधानसभेत त्यांनी कितीतरी अधिवेशनं घालवली, आणि प्रत्येक वेळी त्यांचं एकच विधेयक हसण्यावारी गेलं: बाप वारला तर मुलांचं पालकत्व आईकडे राहावं. कायदा मात्र असा, की बाप मृत्युपत्रात ज्याचं नाव लिहील, पोर त्याच्या स्वाधीन.

"यंदा निवडणुकीला उभं राहायचं नाही," ते बायकोला म्हणाले.

"चिखल झाला की दर वर्षी असंच म्हणता," हल्डा म्हणाली. "दारात लव्हिना टार्बेल आलीये. आधी तिचं ऐका."

लव्हिनाचा नवरा हिवाळ्यात गेला होता. मृत्युपत्रात सहा वर्षांची लेक फीबी त्याने थोरल्या भावाच्या, जोथमच्या नावे लिहून दिली होती. असाहेल कोर्टात घसा कोरडा पडेपर्यंत भांडले. न्यायाधीश माणूस वाईट नव्हता. तो एवढंच म्हणाला, "मलाही आवडत नाही, प्रुइट. पण कायदा स्पष्ट आहे." फीबीची बोटं आईच्या झग्यातून एकेक करून सोडवावी लागली.

पानगळीत जोथमने असाहेलना जेवायला बोलावलं. गिरणीचा मालक तो. पक्षात त्याचा शब्द खाली पडत नसे.

"वॉशिंग्टनच्या संसदेत पाठवतो तुम्हाला," मांस कापता कापता तो म्हणाला. "उमेदवारी पक्की समजा. फक्त ते बायकांचं खूळ डोक्यातून काढा."

असाहेल थकले होते. मन खरंच डळमळलं. हो म्हणायला तोंड उघडणार, तोच बटाट्यांचं भांडं घेऊन लव्हिना आत आली. अंगावर स्वयंपाकिणीचा एप्रन. लेकीजवळ राहायला तिला दुसरी वाट उरली नव्हती.

"लव्हिना, मला अजून वाढ," काकाशेजारी जेवायला बसलेली फीबी म्हणाली.

"वाढते हं, बाळा."

"मिस फीबी म्हणायचं!" जोथम खेकसला. "किती वेळा सांगू?"

असाहेलनी काटा खाली ठेवला. "टार्बेल, आई आहे ती तिची."

"या घरात नोकर आहे. पोरीच्या मनाची ओढाताण नको, म्हणून मीच तसं ठरवलंय."

"मग उमेदवारी तुमच्यापाशीच राहू द्या. मी पुन्हा विधानसभेलाच उभा राहीन, आणि तेच विधेयक मांडीन."

"आपटाल."

"सवय आहे," असाहेल म्हणाले आणि उठले.

ते आपटलेच. मग पुन्हा उभे राहिले, निवडून आले, पुन्हा हसं झालं. हल्डा गेली, केस पिकले, आवाज बसला. शेवटी एका कंटाळवाण्या दुपारी, अर्ध्या रिकाम्या सभागृहात, कायदा मंजूर झाला. कोणी टाळीही वाजवली नाही.

परतल्यावर असाहेल थेट टार्बेलांच्या स्वयंपाकघरात गेले. लव्हिना कणीक मळत होती.

"झाला कायदा," ते खुर्चीत बसत म्हणाले.

तिचे हात थांबले नाहीत. "फीबी गेली की नांदायला. मी चर्चमध्ये दिसले तर ओळखीपुरती मान हलवते."

असाहेलनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पुलापलीकडच्या मर्सीचा नवरा शेवटच्या घटका मोजतोय," लव्हिना म्हणाली. "दोन लेकरं आहेत तिला. तिला कोणी सांगितलंय का हे?"

"नाही."

"मग इथे काय बसलात, वकीलसाहेब? जा ना, सांगा तिला."

टेबलाचा आधार घेऊन म्हातारा उठला, आणि त्याने टोपी डोक्यावर चढवली.