चाळीस मिनिटांत उत्तर

"बाबा, सातव्याले काय देऊ? चांगला, ठीक का वाईट?" चेतनाने विचारलं.

मी चष्मा पुसत बसलो. चष्मा स्वच्छच होता.

लॅपटॉपवर दहा प्रश्न उघडे होते. आमची 'मिस्त्री चौपाल' आज नव्वद दिवसांची झाली, आणि आज तिची तपासणी. नागपूरच्या एका संस्थेने ही वेबसाइट काढून दिली होती. कारखान्यातल्या माणसांनी मशीनबद्दल विचारायचं, जाणत्यांनी उत्तर द्यायचं. नव्वद दिवसांत जीव धरला नाही तर दुकान बंद. जीव धरला की नाही हे ते आकड्यांवरून बघतात: रोज किती प्रश्न येतात, कितींना उत्तर मिळतं, किती वेळात मिळतं. शिवाय कुठलेही दहा प्रश्न काढून त्यांवर आमच्याचकडून शेरे मागतात. म्हणजे आपलंच पोर, आपणच मास्तर.

मी धर्मपाल रंगारी. इकडं हिंदी मुलखात, उरल्याच्या एका सळ्या काढणाऱ्या रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षं फिटर होतो. रिटायर झाल्यावर घरात सगळ्यांवर खेकसायला लागलो, म्हणून पोरीने मला या कामाला जुंपलं. मी उत्तर सांगायचो, ती टाइप करायची. प्रश्नही तीच टाकायची, कारण मिलमधला माणूस टाइप करत नाही. तो तिच्या फोनवर बोलून पाठवतो, आणि शेवटी न चुकता म्हणतो, "मेरा नाम मत डालना दीदी." त्याचंही खरं आहे. मिलमध्ये जो प्रश्न विचारतो त्याच्यासाठीच गेट बंद होतं.

पहिले दीड महिने चौपालवर माशा बसल्या होत्या. मग चेतनाने उरल्यातल्या एका चहाच्या टपरीवर आपला नंबर लिहिलेला कागद चिकटवला आणि पुढच्या सोमवारी एका दिवसात अकरा प्रश्न आले. पोरगी हरखली. मी तिला थांबवलं.

"सगळे एकदम नको टाकू. बिलेटचे लाल ठोकळे काय एकदम ढकलतेत मिलमध्ये? एकामागं एक सोडावं लागते, तवा लाईन चालते. रोज दोन टाक. ग्राफ सरळ दिसला पायजे त्या लोकायले."

"हा एक पहिले टाकू का? थोडा अर्जंट वाटून राहिला."

"लाईन तोडायची नाही."

मी तो ऐकूनसुद्धा घेतला नाही. चौतीस वर्षांची अक्कल माझी. त्याचा नंबर नववा होता, म्हणून तो शुक्रवारी सकाळी साइटवर लागला: रोलवरची सुरक्षेची जाळी सुपरवायझरने काढून ठेवली आहे, चालू मशीनवर ग्रीस मारायला सांगतात, नाही म्हटलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतात, काय करू? वाचून माझं डोकं फिरलं. चाळीस मिनिटांत उत्तर दिलं. तपासणीच्या कागदावर तेच ठळक अक्षरांत आलं आहे: प्रश्न ते उत्तर, चाळीस मिनिटं.

विचारणाऱ्याला उत्तराची लिंक जाते. पटलं तर तो त्यावर हिरवी खूण करतो. तपासणीतला सातवा प्रश्न हाच, आणि यावर खूण नव्हती, म्हणून काल चेतनाने फोन लावला. विचारणाऱ्याच्या बायकोने उचलला. रामकृष्ण साहूचा उजवा हात मनगटापासून गेला होता. प्रश्न आला त्याच आठवड्यात. बुधवारी.

"वाईट दे," मी म्हणालो.

"उत्तर तं चांगलं आहे ना, बाबा. आन् आपण पहिलेच काठावर आहो. एक वाईट गेला तं बंद करून टाकतीन." मग ती लॅपटॉपकडे बघतच म्हणाली, "मी तं ऐकला होता तो मेसेज. काहून ऐकलं मी तुमचं."

मी चष्मा खिशात टाकून उठलो.

"सातवा राहू दे," मी म्हणालो. "मी येतो त्याले भेटून."

"काय सांगसान?"

"जे झालं ते."

गुढियारीत मालगोदामामागे त्याची एक खोली. चाळिशीचा माणूस, खाटेवर बसलेला, पट्टी बांधलेला हात उशीवर. त्याच्या बायकोने, सरोजिनीने, मला स्टूल दिलं.

"आपका जवाब आया था काका, फोन में," तो म्हणाला. "पढ़ा नहीं मैं."

रस्ताभर जुळवलेली वाक्यं मी सोडून दिली. "रामकृष्ण, तुम्हारा सवाल सोमवार को ही आ गया था. चार दिन मैंने रोक के रखा."

"काहे?" सरोजिनीने विचारलं.

"रोज की गिनती बराबर दिखे, इसलिए."

तिने एक शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खाली बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"जवाब क्या था?" रामकृष्णने विचारलं.

मी त्याचाच फोन घेऊन वाचून दाखवलं. चालू मशीनमध्ये हात घालू नकोस. आधी मेन स्विच पाड, फ्यूज काढ आणि खिशात ठेव. जाळी बसेपर्यंत फ्यूज कुणाला देऊ नकोस. सुपरवायझर ओरडला तर धर्मपाल फिटरने सांगितलं म्हण, तो मला ओळखतो.

त्याने पट्टीचा हात उशीवर नीट ठेवला.

"सही है काका. सोमवार को मिलता तो यही करता." मग त्याने विचारलं, "ये नीचे हरा वाला क्या है?"

"जवाब सही लगे तो दबाते हैं. रहने दो उसे."

"नहीं, लाइए. दूसर के काम आही."

त्याने डावा अंगठा टेकवायला घेतला. फोन दोनदा घसरला. तिसऱ्या वेळी सरोजिनी उठली आणि तिने फोन दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरला.

मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो तोच चेतनाचा फोन आला.

"बाबा, सातवा आपोआप 'चांगला' झाला. विचारणाऱ्यानं खूण केली का आपला शेरा लागतच नाही म्हणते." तिचा आवाज रडून बसलेला होता. "दहापैकी दहा झाले. चौपाल चालू राहीन."

मला 'वाईट' म्हणायलाही जागा उरली नव्हती.

"आज तीन आले, बाबा."

"टाक. तिन्ही. आत्ताच."

"हव," ती म्हणाली.

मी फोन खिशात ठेवला आणि त्यावर हात दाबून चालत राहिलो.