मागच्या सीटवर

सायकलवर बसले की आमचे हे आजारी वाटतच नाहीत, आणि माझी भीती नेमकी तिथूनच सुरू होते. घरात स्वयंपाकघराच्या दारात त्यांचे पाय फरशीला चिकटतात. मी माझं पाऊल आडवं धरते, ते ओलांडायचं म्हणून त्यांचा पाय उचलला जातो, मग स्वारी आत येते. पार्किन्सन्सला सात वर्षं झाली. पण पेडलवर ठेवले की तेच पाय असे फिरतात की बघणाऱ्याला वाटावं, बाई उगाच रडगाणं गाते.

दर रविवारी मैदानावर आमच्यासारख्यांचा वर्ग भरतो. दोन सीटांच्या सायकली. धडधाकट माणूस पुढे, आजारी मागे. दोघांची पेडलं साखळीने जोडलेली, त्यामुळे पुढच्याने वेग वाढवला की मागच्यालाही पाय उचलावे लागतात. त्यानेच अंग मोकळं होतं म्हणे. चाळीस वर्षं मी शिवणयंत्र पायाने चालवलंय, वेगाचं मला काही वाटत नाही. धास्ती आहे ती थांबण्याची. मी पंचेचाळीस किलो, हे ऐंशीच्या वर. थांबताना यांनी डावा पाय टेकवला नाही तर ती सायकल मला पेलणार नाही. खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो, हे दवाखान्याच्या बाकांवर मी पुरेसं ऐकलंय. म्हणून वर्गाचा नियमच आहे, ट्रेनरने मागून सीट धरल्याशिवाय कुणी थांबायचं नाही.

त्या रविवारी आमच्या वर्गातले बँकवाले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, थांबले. थांबले कसले, आडवेच झाले. पुढे बसलेल्या त्यांच्या बहिणीने ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय पेडलवरून निघालाच नाही. आम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो, तिथवर आवाज आला. वळून आलो तेव्हा ट्रेनर त्यांच्या कपाळावर रुमाल दाबून बसला होता, बाकीचे भोवती. त्याने आम्हाला नुसता हात केला, चालवत राहा.

मनगटावरच्या घड्याळात अकरा वाजून दहा झाले होते. यांची गोळी अकराची. उशीर झाला की आधी पाय जड होतात, मग हात, मग आवाज बसतो.

"अहो, बरे आहात ना?"

मागे वळायची सोय नव्हती, आणि वळून तरी काय, दोन वर्षांपासून त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. मला जे कळतं ते पेडलमधून. पेडलला जोर होता, तेवढाच आधार.

आणखी एक फेरी झाल्यावर मागून बारीक आवाज आला, "अगं, थांब आता."

"का? काय होतंय?"

"मला काही नाही. तू दमलीस. सायकल मीच ओढतोय."

खोटं नव्हतं. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, तोंडाला कोरड पडली होती.

"ट्रेनर मोकळा होऊ दे," मी म्हणाले.

"मी टेकवतो ना पाय. तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलोय."

"बँकवाल्यांनाही असंच वाटलं असेल."

"माझा पाय मला कळतो. तीनपर्यंत मोज आणि ब्रेक दाब."

माझी बोटं ब्रेकवर गेली. एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि डोळ्यांसमोर पलंग आला, त्यावर हे, कायमचे. ब्रेक दाबला नाही.

"गप्प बसा हो," मी खेकसले. "नाही जमणार तुम्हाला."

त्यानंतर पेडलमधला जोर गेला. त्यांचे पाय फिरत होते, पण साखळी फिरवत होती म्हणून. गोळीचा असर संपला, आता सगळं संपलं, असं मला वाटलं. "बोला काहीतरी," मी विनवलं. ऐंशी किलोचं ओझं मी दोन फेऱ्या एकटीने ओढलं आणि ट्रेनरला ओरडून हाक मारली.

तो धावत निघाला. पण तो पोचायच्या आत माझ्यातला जीव सरला. सायकल मंदावली, डावीकडे कलली. पाय टेकवायला गेले तर माझाच पाय पेडलवरून निघेना. मी डोळे मिटले.

पडलो नाही. डोळे उघडले तर यांचा डावा पाय जमिनीवर होता, सबंध तळवा टेकलेला, गुडघा ताठ. सायकल, त्यांचं वजन आणि माझं, सगळं त्या एका पायावर. ट्रेनरचा हात त्यानंतर सीटला लागला.

मी पिशवीतून गोळी काढेपर्यंत हे ट्रेनरशी बोलत होते, एकेक शब्द सुटा करत.

"पुढच्या रविवारी माझ्यापुढे दुसरं कुणीतरी बसव."

ट्रेनर हसला. "का काका, काकूंशी भांडलात की काय?"

"नाही रे. तिचा माझ्यावर भरवसा नाही राहिला."

मला सांगायचं होतं की मी तुमच्यासाठीच घाबरते हो, दुसरं कोण आहे मला. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "आधी गोळी घ्या."

त्यांनी हात पुढे केला नाही.